रस्त्याकडे तोंड नसलेलं कॉलेज

फुलपाड्यातल्या किती इमारती माझ्या हातच्या आहेत, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. नव्वदच्या दशकात विरार पूर्वेला रिकामी जागा दिसेल तिथे चार मजली इमारत उभी राहत होती. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचे नकाशे आमच्या दहा बाय बाराच्या ऑफिसात, माझ्या ड्रॉइंग बोर्डावर तयार होत. मी आर्किटेक्ट. बिल्डर यायचा, प्लॉटचा नकाशा टेबलावर पसरायचा आणि विचारायचा, "मॅडम, किती फ्लॅट बसतात?" मी बसवून द्यायची. कुणाच्या डोक्यावर दिवसभर ऊन येणार, कुणाची खिडकी शेजारच्याच्या संडासावर उघडणार, हे त्या बोलण्यात कधी येत नसे. बिल्डर विचारत नसे आणि मीही सांगत नसे. मी स्वतः तशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवता येत नसे. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तसलीच भिंत कागदावर काढत होते.

राऊतबाई पहिल्यांदा आल्या त्या एप्रिलमधल्या एका भर दुपारी. वय साठीच्या आसपास, इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. मूळच्या निर्मळ गावच्या. मुंबईच्या एका कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "फुलपाड्यातली ती पिवळी बिल्डिंग, पाण्याच्या टाकीसमोरची. ती तुमचीच ना?"

"हो," मी म्हटलं. मला वाटलं, नवीन गिऱ्हाईक आलं.

"माझी भाची राहते तिथे, वरच्या मजल्यावर." त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला तापमापक काढून टेबलावर ठेवला. "काल चार वाजता हा तिच्या बेडरूममध्ये लावला. बाहेर सावलीत चौतीस, आत अडतीस. बाहेरच्यापेक्षा घरात जास्त! हे कसं साधलंत तुम्ही?"

मला राग आला. पण बाईंच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मग मीही खरं ते सांगितलं. पश्चिमेची भिंत चार इंची आहे, नऊ इंची केली असती तर खोली अर्ध्या फुटाने लहान झाली असती आणि ते बिल्डरला नको होतं. वर गच्चीचा स्लॅब उघडा आहे, तो दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून खाली उष्णता सोडत राहतो. समोरची इमारत इतकी जवळ आहे, की वाऱ्याला आत शिरायला जागा नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

बाईंनी तापमापक पुन्हा रुमालात गुंडाळला. "मग काम तुम्हालाच द्यायला हवं. ज्याला काहीच माहीत नाही त्याला मी पहिल्यापासून कधी शिकवू?"

ते काम म्हणजे एक कॉलेज होतं. निर्मळ आणि गिरीजच्या मधल्या वाड्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन ट्रस्ट केला होता. बारावीनंतर मुलांना, आणि विशेषतः मुलींना, लांब जावं लागू नये म्हणून त्यांना जवळपास पदवी कॉलेज हवं होतं. जमीन मिळाली होती. कडेला नारळाची रांग, पूर्वेला केळीची वाडी, वायव्येच्या कोपऱ्यात एक मोठं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आमच्याकडे त्यावरच बागा जगत आल्या. पश्चिमेच्या अंगाने रस्ता. राऊतबाई या कॉलेजच्या पहिल्या प्राचार्या होणार होत्या आणि त्यांची अट एकच होती.

"दिवसा वीज गेली तरी वर्ग चालू राहिला पाहिजे. पंखा नाही म्हणून मुलं बाहेर आली आणि दिवा नाही म्हणून मास्तर गप्प बसले, असं माझ्या कॉलेजात होता कामा नये."

त्या काळी आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसे. तरी मला ती अट हट्टाची वाटली. दोन महिने मी जुनी पुस्तकं काढून बसले. कॉलेजात असताना हे सगळं शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि पास झाल्यावर गाठोडं बांधून ठेवून दिलं होतं.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते, अवघड काही नाही. आपल्याकडे माध्यान्हीचं ऊन छपरावर पडतं आणि दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तिरकं येतं. दक्षिणेचं ऊन छज्ज्याने अडवता येतं, कारण ते वरून येतं. पश्चिमेचं ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवायच्या आणि पश्चिमेला फक्त अरुंद कड दाखवायची. उत्तरेकडून उजेड येतो पण ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे मोठ्या खिडक्या तिकडे. राहिला वारा. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे तो समुद्रावरून, वायव्येकडून येतो. इमारत थोडी तिरपी फिरवली तर तो बावखलाच्या पाण्यावरून येऊन उत्तरेच्या खिडक्यांतून आत शिरतो. मात्र त्याला बाहेर पडायलाही जागा लागते. समोरच्या भिंतीत वर झरोके नसतील, तर तो खिडकीतच अडून राहतो.

तसा नकाशा मी काढला. तीन मजले, एकेरी वर्गांची लांब रांग, दक्षिणेला आठ फुटी व्हरांडा. पश्चिमेच्या कडेला जिना आणि स्वच्छतागृहं, म्हणजे ऊन खायला तिथे कुणी बसलेलं नसेल. जिन्याला विटांची जाळी आणि वर उघडा मनोरा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. वर्गातल्या ट्यूबलाइटच्या रांगा खिडकीला समांतर आणि प्रत्येक रांगेचं बटण वेगळं. खिडकीजवळ उजेड असतो, तिथला दिवा भिंतीजवळच्या दिव्याबरोबर उगाच का जाळायचा?

बाईंनी नकाशा उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "आता अण्णांना दाखवा."

अण्णा म्हात्रे ट्रस्टचे अध्यक्ष. फुलांचे मोठे व्यापारी. त्यांच्या टोपल्या रोज पहाटे दादरच्या बाजारात जात. शिक्षण सातवीपर्यंत, पण कॉलेजसाठी घरोघर फिरून माणसं जोडली ती त्यांनीच. त्यांनी नकाशा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, कॉलेजचं तोंड रस्त्याकडे नाही?"

"नाही. रस्त्याकडे जिन्याची कड आहे."

"म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? जिना?"

त्यांच्या मनात वेगळंच चित्र होतं. रस्त्याला समांतर लांबलचक इमारत, दर्शनी भागाला निळी काच, पुढे बावखल बुजवून केलेलं मोठं अंगण आणि झेंड्याचा खांब. पुढेमागे एसी बसवायची सोय. मी पश्चिमेचं ऊन, काचेमागे कोंडणारी उष्णता, वगैरे सांगायला लागले. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, मी शिकलेला नाही, तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण माझी मुलगी मुंबईला कॉलेजात गेली ना, तेव्हा पहिल्या दिवशी ती इमारत बघून तिची मान खाली गेली होती. मला ती म्हणाली, आपल्याकडे असं कधी होणार? आमच्या पोरांना असं वाटायला नको, की आपण वाडीतल्या कॉलेजात शिकलो."

त्यांची काच ही दिखाऊपणाची काच नव्हती. मी नकाशाची गुंडाळी केली. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, "त्यांचं ऐकावं लागेल."

"ऐकायचंच आहे," बाई म्हणाल्या. "पण आधी त्यांना बसवून बघू."

बाईंची युक्ती साधी होती. बांधकाम सुरू करायच्या आधी जागेवर दोन खोल्या लागतातच, एक सिमेंट ठेवायला आणि एक साइट ऑफिस. त्या कशाही बांधल्या तरी कुणी विचारत नाही. बाई म्हणाल्या, दोन्ही सारख्याच मापाच्या करू, पण एक अण्णांच्या पद्धतीने आणि एक आपल्या. पहिलीचं तोंड रस्त्याकडे, पश्चिमेला मोठी काच, वर साधा पत्रा. दुसरी वळवून बांधली. उत्तरेला खिडकी, दक्षिणेला झरोका, छपराची कड दोन फूट बाहेर काढलेली, आणि पत्र्यावर उपडी मडकी मांडून त्यावर भाताच्या पेंढ्याचा थर. मडक्यांतली हवा कोंडलेली राहते आणि उष्णता खाली उतरू देत नाही. पुढे गच्चीवरही आम्ही हेच केलं. मडकी, त्यावर काँक्रीट आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ट्रस्टची बैठक बाईंनी दुपारी अडीचला जागेवरच ठेवली. अकरा माणसं. आधी काचेच्या खोलीत. विषय होता कॉलेजचं नाव काय ठेवायचं. दहा मिनिटांत एकेकाने रुमाल काढला. विसाव्या मिनिटाला दोघांत नावावरून असं भांडण जुंपलं, की एक जण उठून निघालाच. बाईंनी शांतपणे सांगितलं, "थोडा वेळ त्या खोलीत बसू या, तिथे जागा आहे."

दुसऱ्या खोलीत गेल्यावर भांडण कुणी मिटवलं नाही, ते आपोआप विरलं. बावखलावरून वारा येत होता. चहा आला. नावाचा विषय तसाच राहिला आणि माणसं पावसाआधीच्या कामांबद्दल बोलू लागली. तापमापक मी दोन्ही खोल्यांत टांगून ठेवले होते, शिवाय तक्ताही तयार होता. तो दाखवायला उभी राहिले तर बाईंनी डोळ्यांनी खुणावलं. अण्णा भिंतीला टेकून झोपले होते. चांगले घोरत होते.

पंधरा मिनिटांनी ते दचकून जागे झाले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, खिडकीकडे बघितलं, वरच्या झरोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बावखल बुजवायचं नाही म्हणता?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कॉलेजची कमान तरी रस्त्यावर मोठी करा. नाव लांबून वाचता आलं पाहिजे."

मी कमान मोठी केली. एवढी मोठी, की आजही तिच्याकडे बघून माझे आर्किटेक्ट मित्र हसतात. मी हसत नाही.

आता पास्कलमेस्त्रींबद्दल. ते किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचे, होड्या बांधणारे सुतार. नव्या होड्यांची कामं कमी झाली म्हणून ते इमारतींच्या दारं-खिडक्यांकडे वळले होते. लाकडाला हात लावून ते कुठून आलं असेल हे सांगायचे. वर्गांच्या सगळ्या खिडक्या त्यांनी केल्या. जिन्याच्या जाळीचं काम चालू असताना एक दिवस ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"बाय, ह्या कोनाला पानी येनार."

जिन्याचा नैर्ऋत्येचा कोपरा होता तो. मी म्हटलं, "मेस्त्री, जाळीची भोकं लहान आहेत आणि वर छज्जा आहे. पाऊस आत येत नाही."

"छज्जा वरच्या पावसाला. जुलयमदी पाऊस वरून नाय येत, आडवा येतो. आमी दर्यावर बगतो ना."

मी त्यांना पुस्तकातली आकृती दाखवली. छज्ज्याच्या टोकापासून काढलेली तिरकी रेघ, तिच्या आतला भाग कोरडा. त्यांनी आकृती नीट बघितली, मान हलवली आणि आपल्या कामाला गेले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, सगळी हयात वाऱ्या-पावसाशी झगडलेला. त्याला मी कागदावरची रेघ दाखवत होते. हे आठवलं की अजूनही मला चुटपुट लागते.

त्याच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पहिले काही आठवडे माझ्यासाठी सणाचे होते. ढगाळ दिवसांतही वर्गात दिवे न लावता फळा वाचता येत होता. मुलं व्हरांड्यात डबे खात होती. जुलैच्या मध्यावर तीन दिवस वादळी पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन आला. जाळीतून आलेल्या पाण्याने जिना वाहत होता, आणि दुसऱ्या मजल्यावरून उतरताना राऊतबाई घसरून सात पायऱ्या खाली आल्या होत्या. उजवं मनगट मोडलं होतं.

मी दवाखान्यात गेले. बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. मेस्त्रींनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"शुभदा," बाई म्हणाल्या, "रडायचं असेल तर नंतर रड. आधी मेस्त्रींना गाठ. मुलं रोज त्याच जिन्याने चढताहेत."

इकडे ट्रस्टची तातडीची बैठक झाली. अण्णा मला कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "मॅडम, आज बाई पडल्या. उद्या कुणाची मुलगी पडली तर मी त्या घरात काय तोंड घेऊन जाऊ?" ठरलं असं, की आठवड्याभरात जाळी बंद करून तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवायच्या. विरोध करायला मला तोंड नव्हतं. पण जाळी बंद झाली तर जिन्यातून गरम हवा वर जाणं थांबणार होतं. ती व्हरांड्यात साचणार आणि व्हरांड्यातून वर्गांत. पहिल्याच उन्हाळ्यात सगळी इमारत फुलपाड्यातल्या त्या पिवळ्या बिल्डिंगसारखी झाली असती.

मी पाचूबंदरला गेले. पास्कलमेस्त्री घराच्या ओटीवर करवतीला धार लावत होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "मेस्त्री, पाणी आलं. तुम्ही सांगितलंत तसंच आलं."

त्यांनी करवत बाजूला ठेवली. "बाई पडल्या, आयकलं मी. हात बरा हाय?"

"प्लॅस्टर घातलंय. मेस्त्री, वारा आत यायला हवा आणि पाणी यायला नको. असं काही होऊ शकतं का?"

"व्हतं की. होडीच्या केबिनला आमी काय करतो?" त्यांनी जमिनीवर बोटाने काढून दाखवलं. तिरक्या फळ्या, एकीवर एक चढलेल्या, बाहेरच्या अंगाला खाली झुकलेल्या. एवढं मलाही माहीत होतं. पण त्यांनी प्रत्येक फळीच्या आतल्या कडेला बोटभर उंचीचा काठ काढला. "पानी वाऱ्यासंगती फळीवर चढतं, बाय. काठ नसला तर आत उडी मारतं. काठ लावला की थांबतं, आनि माघारी जातं. वारा काठावरून जातो."

लाकूडही त्यांनीच शोधलं. किनाऱ्यावर एक जुनी होडी मोडायला काढली होती, तिच्या सागवानी फळ्या. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड आता वाकायचं नाही की फुगायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. चार दिवस ते आणि त्यांचा भाऊ भर पावसात जिन्याला परांची बांधून काम करत होते. पाचव्या दिवशी फळ्या बसल्या आणि सहाव्या दिवशी ॲल्युमिनियमवाला माप घ्यायला येणार होता. त्याच्या आधी अण्णा स्वतः बघायला आले.

त्या सकाळी पाऊस असा होता, की कमानीवरचं नाव दिसत नव्हतं. राऊतबाई गळ्यात हात अडकवून आल्या होत्या. कुणी काही म्हणायच्या आत त्या जिन्याच्या त्याच कोपऱ्यात, फळ्यांपासून हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. डाव्या हातात त्यांनी कोरा कागद धरला होता. मी खालच्या पायरीवर, अण्णा माझ्या मागे, पास्कलमेस्त्री कोपऱ्यात भिंतीला टेकून. बाहेर फळ्यांवर पाऊस असा आपटत होता, की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वाऱ्याने बाईंच्या हातातला कागद सारखा फडफडत होता.

दहा मिनिटं तरी झाली असतील. मग बाई खाली आल्या आणि त्यांनी कागद अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. कागद कोरडा होता.

"ह्या फळ्या कुणी केल्या?" त्यांनी विचारलं.

"पास्कलमेस्त्रींनी," मी म्हटलं. "मी ऐकलं असतं तर आधीच झाल्या असत्या."

अण्णा मेस्त्रींकडे वळले. "मेस्त्री, ॲल्युमिनियमवाल्याला मी नको म्हणून सांगतो. तुम्ही जिन्याच्या दुसऱ्या कोपऱ्यालाही अशाच बसवा."

महिनाभर त्या जिन्याला होडीचा वास येत होता, माशांच्या तेलाचा आणि डांबराचा. मुलींनी तक्रार केली, मुलांनी जिन्याला 'बंदर' नाव ठेवलं. पुढच्या सगळ्या कामांत मी एक गोष्ट केली. नकाशा पक्का करायच्या आधी गावातल्या एका तरी जुन्या कारागिराला जागेवर बोलावलं, आणि तो बोलत असताना हातातलं पुस्तक मिटून ठेवलं.

त्यानंतरही मी फ्लॅट काढले. ते सोडून दिले असं सांगायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही. ऑफिस चालवायचं होतं. एवढंच केलं, की पश्चिमेची भिंत नऊ इंची असल्याशिवाय नकाशावर सही करायची नाही. काही बिल्डरांनी ऐकलं, काही दुसरीकडे गेले. इतक्या वर्षांत कितीतरी कुटुंबं मी काढलेल्या तापलेल्या खोल्यांत राहिली असतील. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार.

कॉलेजला विद्यापीठाच्या परीक्षेचं केंद्र मिळालं ते काही वर्षांनी. तोवर भारनियमन हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक झाला होता. पहिलाच पेपर होता, उन्हाळ्याचे दिवस, वेळ अकरा ते दोन. मुलांची बैठक व्यवस्था तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली. बाहेरचे निरीक्षक मुंबईहून आले होते, त्यांनी या भागात आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी तिथे नव्हते. जे झालं ते मला राऊतबाईंनी संध्याकाळी फोन करून सांगितलं.

प्रश्नपत्रिका वाटून झाल्या आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली. पंखे फिरत फिरत थांबले. निरीक्षक घाईघाईने बाईंकडे आले.

"मॅडम, जनरेटर चालू करायला सांगा."

"जनरेटर नाही, सर."

"नाही? मग विद्यापीठाला कळवावं लागेल. मुलं गोंधळ घालतील, वेळ वाढवून मागतील. निदान मेणबत्त्या तरी आणा!"

"सकाळचे अकरा वाजून गेलेत," बाई म्हणाल्या. "मेणबत्त्या कशाला? तुम्ही वर्गात जाऊन तर बघा."

ते गेले. एका वर्गात गेले, दुसऱ्यात, तिसऱ्यात. प्रत्येक वर्गात दारापाशी थोडा वेळ थांबले. उत्तरेच्या खिडक्यांतून उजेड होता, वारा होता, बाकांवर कागदांच्या कडा हलत होत्या, मुलांनी त्यावर पट्ट्या आणि कंपासपेट्या ठेवल्या होत्या. कुणीही मान वर केली नव्हती. मग ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. पेपर संपेपर्यंत वीज आली नाही. त्या तीन तासांत मुलांचे हात वर झाले ते फक्त पुरवणी मागायला.

"आणि जाताना त्यांनी अहवाल लिहिला," बाई म्हणाल्या. "वाचून दाखवू?"

"दाखवा."

"'परीक्षा सुरळीत पार पडली.' खाली सही."

"एवढंच?"

"एवढंच. वीज गेली होती हे लिहायलाच विसरले ते. शुभदा, ऐकते आहेस ना? त्यांच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही."

"ऐकतेय," मी म्हटलं. बाईंनी "उद्या ये" म्हणून फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी होते. नवरा आतून बाहेर आला, माझा चेहरा बघून घाबरला.

"काय झालं? कॉलेजात काही झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच झालं नाही." आणि मला रडू आलं.